अप्पा आणि थंड खोलीतली बिअर

माझ्या भावाने घरी बिअर करायला घेतली, तेव्हा तंजावरात मार्गळी, म्हणजे थंडीचा महिना, चालू होता. अप्पा कानटोपी घालून सकाळचंच वर्तमानपत्र संध्याकाळी दुसऱ्यांदा वाचत बसले होते. दिवस रविवारचा. भाऊ पोलंडमधल्या एका शहरात राहतो, यंत्रांची डिझाइनं करतो. त्याच्याकडे दुपार असते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ होते, आणि दर रविवारी त्या वेळेला आम्ही फोनवर एकमेकांना बघतो.

त्या दिवशी त्याने फोन फिरवून आपलं स्वयंपाकघर दाखवलं. शेगडीवर भलं मोठं पातेलं, त्यातून निघणारी वाफ, आणि खाली फरशीवर झाकण असलेली एक पांढरी बादली.

"एवढं काय शिजवतोस?" अप्पांनी विचारलं. "कोण जेवायला येणार आहे कां?"

"कोणी नाही. बिअर करतोय, अप्पा. लागर म्हणतात तिला. थंडीतच होते ती."

अप्पांनी फोन माझ्या हातात दिला, कमरेची वेष्टी सावरली आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पुढचं सगळं बोलणं मीच केलं. भाऊ म्हणाला, "अक्का, मी लपवून करू शकलो असतो." मी म्हटलं, "तसं केलं नाहीस ते बरं." पण आतून मलाही ते बरं वाटलं नव्हतं.

आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. अप्पांचा एक धाकटा भाऊ होता, आमचा काका. बस कंपनीत टाइमकीपर होता. तो दारूने गेला एवढं आम्हां दोघांना ठाऊक होतं, त्यापलीकडे काही नाही. राजवाड्यामागच्या ज्या मराठी गल्लीत अप्पा आणि काका वाढले, तिथे आमचे बरेच नातेवाईक अजून राहतात, पण तिथेही काकाचा विषय निघाला की कोणीतरी कॉफीचा डवरा पुढे सरकवायचं आणि बोलणं तिसरीकडे जायचं. सरकारी दारूचं दुकान रस्त्यात आलं की अप्पा समोरच्या बाजूला जाऊन चालत. लहानपणी मला वाटायचं, तिकडे सावली असते म्हणून जातात.

दुसरी गोष्ट अशी, की भावाची बायको त्याला सोडून गेली त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, आणि अप्पांनी त्याबद्दल त्याला एक शब्द विचारला नव्हता. बातमी मी सांगितली तेव्हा ते फक्त "सरि", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले होते. आमच्या कुटुंबात असं पहिल्यांदाच घडलं होतं. कोणाची चूक, कसं झालं, पुढे काय, काही विचारलं नाही. दर रविवारी "जेवलास कां", "थंडी किती आहे", "ऑफिस कसं आहे" आणि मग "अक्काशी बोल." आई असती तर तिने रडून, भांडून सगळं काढून घेतलं असतं. आई गेल्यापासून मी आणि माझे यजमान अप्पांजवळ राहायला आलो होतो, पण आईचं ते काम काही माझ्याच्याने झालं नाही.

तर बादली दाखवल्यानंतरच्या रविवारी अप्पा फोनवर आलेच नाहीत. देवळात जातो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखतं म्हणाले. भावाने विचारलं, "रागावले कां?" मी म्हटलं, "रागावले असते तर बोलले असते."

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात इडलीच्या पिठाचं भांडं बघत होते. मार्गळीत आमच्याकडे पीठ लवकर फुगून येत नाही. तुम्हां महाराष्ट्रातल्या लोकांना हसू येईल, पण आमची थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायची थंडी. तेवढ्यानेही पीठ रुसतं. मी भांडं उचलून फ्रिजमागे, जिथे गरम हवा येते तिथे ठेवलं. अप्पा दारात उभे राहून बघत होते.

"ह्याला ऊब लागते," ते म्हणाले. "मग त्याचं ते थंडीत कसं होतं?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बिअर कधी केली नाही, पण किण्वन शिकवून शिकवून तोंडपाठ आहे. मी सांगितलं की यीस्ट निरनिराळं असतं. लागरचं यीस्ट थंडीतच नीट काम करतं, पण अगदी सावकाश. आपलं पीठ एका रात्रीत येतं, त्याला आठवडे लागतात. गरम जागी ठेवलं तर लवकर होईल, पण चव बिघडेल.

"आणि धान्य कुठलं?"

"बार्ली. मोड आणून वाळवलेली. माल्ट म्हणतात तिला."

अप्पांनी सगळी नोकरी सरकारी भातगिरणीत केली. उकड्या तांदळाचं भात किती भिजवायचं, किती वाफ द्यायची, कुठल्या ओलाव्याला थांबायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही बसमधून जाताना शेतातलं सांबा हंगामाचं भात बघून ते कापणीला किती दिवस राहिले ते सांगत. बार्लीला मोड आणतात हे ऐकून त्यांनी कानटोपी काढली. "मोड किती वाढू देतात?" त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. "त्याला विचारा," मी म्हटलं.

त्या रविवारी ते फोन यायच्या आधीच खुर्चीत येऊन बसले.

भावाने माल्टची पिशवी आणून मूठभर दाणे कॅमेऱ्यापुढे धरले. अप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. "दाणा फोडून दाखव," म्हणाले. भावाने दाताने फोडून दाखवला. मग तो त्यांना एका बंद खोलीत घेऊन गेला. भिंतीला टेकून ती पांढरी बादली उभी होती. झाकणावर काचेची वाकडी नळी, तिच्यात थोडं पाणी, आणि त्या पाण्यातून मधूनमधून एक बुडबुडा वर यायचा. भावाने फोन नळीजवळ नेला. आम्ही दोघंही गप्प राहून ऐकत होतो. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बुडुक.

"खोलीत थंडी किती आहे?"

"दहा अंश."

"माणूस तिथे राहू शकत नाही," अप्पा म्हणाले.

"नाही. बादलीच राहते."

भावाला हसताना मी खूप दिवसांनी पाहिलं.

तिथून पुढे रविवारचा अप्पांचा प्रश्न बदलला. "जेवलास कां"च्या ऐवजी "कसं आहे ते?" असं ते विचारत. ते म्हणजे बादली. बिअर हा शब्द ते घेत नसत. मधल्या वारीही ते मला म्हणत, "त्याला विचार, बुडबुडे येतात कां." एकदा भाऊ वैतागून म्हणाला की बादलीतून कुजक्या अंड्यांसारखा वास येतोय, सगळं नासलं, ओतून टाकतो. अप्पा म्हणाले, "ज्याच्याकडून सामान घेतलंस त्याला विचारलंस कां? आधी विचार. ओतायला काय, केव्हाही ओतता येतं." दुकानदार त्याला हसला म्हणे. ह्या यीस्टला तसा वास येतोच, थांबा, आपोआप जाईल, असं त्याने सांगितलं. आणि गेला.

पोंगल, म्हणजे आमची संक्रांत, झाला. आम्ही बाल्कनीत नव्या तांदळाचा गोड पोंगल उतू जाऊ दिला आणि तो भावाला फोनवर दाखवला. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. त्यानंतरच्या एका रविवारी तो म्हणाला की आता शेवटचं एक काम राहिलं. बादली दोनचार दिवस उबेला ठेवायची, म्हणजे चवीत लोण्यासारखा वास राहतो तो यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. मग पुन्हा थंडी.

"मग हीटर लाव," अप्पा म्हणाले.

"बादली दुसऱ्या खोलीत नेईन."

"हलवलीस तर तळचा गाळ वर येईल. तूच म्हणालास. तिथेच हीटर आहे ना? मज दिसतो, खिडकीखाली आहे तो."

"आहे. तो मी लावत नाही."

"बिघडला कां?"

भावाने मागे वळून हीटरकडे बघितलं. तो त्या खोलीच्या दारातच उभा होता. त्याच्यामागे एक रिकामं टेबल दिसत होतं आणि भिंतीवर चार खिळे, फोटो काढून नेल्यावर राहिलेले. इतके आठवडे आम्ही ती खोली बघत होतो, पण बादलीखेरीज काही पाहिलं नव्हतं.

"ही तिची खोली होती, अप्पा," तो म्हणाला. "इथे बसून ती काम करायची. ती गेल्यावर मी हीटर बंद केला आणि दार लावून घेतलं. म्हणून तर इथे एवढी थंडी आहे. बिअरसाठी मी खोली थंड केली नाही. खोली थंड होतीच. मग वाटलं, हिचा काहीतरी उपयोग करावा."

मी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते फोन माझ्याकडे देतील. त्यांनी दिला नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"ती बरी आहे कां?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. दुसऱ्या गावी असते. अधूनमधून बोलतो आम्ही."

"तिने तुज काय सांगितलं? जाताना?"

आणि मग भावाने सांगितलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मला वाटलं की हे माझ्यासाठी नाही. तरी शब्द कानावर पडत होतेच. मोठं भांडण असं काही नव्हतं. दोघं ऑफिसातून यायचे, आपापल्या खोलीत बसायचे, आणि एक दिवस तिला वाटलं की ह्या घरात ती भाडेकरू आहे. ती म्हणाली, तुला काय वाटतं ते तू कधी सांगतच नाहीस. भाऊ म्हणाला, "खरंच होतं ते, अप्पा. मज सांगता येत नाही." अप्पा म्हणाले, "मज ठाऊक आहे. तू माझ्याकडूनच शिकलास."

मी कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा अप्पा काकाबद्दल बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकत होते, आणि ते मला नव्हे, भावाला सांगत होते. काका चांगला माणूस होता. बसस्टँडवर कुठली गाडी कुठे अडकली असेल ते तो ड्रायव्हरच्या आधी सांगायचा. सगळ्यांची नक्कल करायचा. लग्न ठरत होतं, मोडलं. मग तो माडीवरच्या खोलीत आतून कडी लावून पिऊ लागला. चारचौघांत कधी नाही. गल्लीत बाहेर कधी झोकांडी गेली नाही, म्हणून घरच्यांना वाटायचं, असू दे, निदान अब्रू तरी राहिली.

"मी गिरणीतून आलो की त्याच्या दाराबाहेर बसायचो," अप्पा म्हणाले. "आज किती भात आलं, कोण काय म्हणालं, असंच काहीतरी सांगायचो. पहिल्यांदा तो आतून उत्तर द्यायचा. हसायचाही. मग नुसतं 'हूं' म्हणायचा. मग तेही बंद झालं. तरी मी बोलायचो. एका सकाळी दार फोडावं लागलं."

भाऊ फोन दोन्ही हातांत धरून उभा होता. माझ्या हातातली कॉफी तशीच होती.

"तू बादली दाखवलीस तेव्हा मज ती माडीवरची खोली दिसली," अप्पा म्हणाले. "दारू वाईट म्हणून मी उठून गेलो नाही. लोक पितात, बरे राहतात, ते काय मज ठाऊक नाही? पण परदेशात, थंडीत, एकटा मुलगा घरात बसून दारू करतो. मी काय समजायचं?"

"मी तसा पीत नाही, अप्पा."

"सरि. मग माझं एक ऐक. ती तयार झाली की एकट्याने उघडू नको. माणसं बोलाव."

"इथे मी कोणाला ओळखत नाही."

"वरखाली कोणी राहतं ना? जिन्यात दिसत असतील ना?"

"दिसतात."

"मग दार वाजव."

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी भावाने आमच्यादेखत हीटरची खुंटी फिरवली. त्याच्या लोखंडी नळ्यांत गरम पाणी शिरलं तसा आत ठक ठक आवाज झाला. पुढच्या रविवारी तो त्याच खोलीत, बादलीशेजारी जमिनीवर पाय पसरून बसून आमच्याशी बोलला. अंगात कोट नव्हता.

मग बिअर बाटल्यांत भरली गेली. थोडे दिवस घरात आणि मग काचेच्या बंद बाल्कनीत, जिथे बाहेरच्या बर्फाची थंडी येत होती. ह्या टप्प्यात करायचं काहीच नसतं, नुसती वाट बघायची. भाऊ कंटाळला. अप्पा कंटाळले नाहीत. पण दर रविवारी ते विचारत, "दार वाजवलंस कां?" आणि दर रविवारी तो काहीतरी कारण सांगे. खालचे म्हातारे नवराबायको इंग्रजी बोलत नाहीत. वरची बाई घाईत असते. अप्पांनी एकदा मला बाजूला बोलावून विचारलं, "मी फार ढकलतो आहे कां त्याला?" मी म्हटलं, "ढकला थोडं."

शेवटी खालचं दार उघडलं ते वेगळ्याच कारणाने. त्या म्हाताऱ्यांच्या दारासमोर किराण्याची भरलेली पिशवी पडली होती आणि आजी कुलपाशी झटत होत्या, किल्ली अडकली होती. भावाने कुलूप उघडून दिलं. आजोबा आत होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उठता येत नव्हतं. त्यांनी खुणा करून त्याला बसवलं, सूप प्यायला लावलं. फोनवरच्या भाषांतराने बोलणं झालं. आजोबांना कळलं की वरच्या मजल्यावरचा हा हिंदुस्थानी माणूस लागर करतो, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग भरभर बोलत सुटले. तरुणपणी तेही करायचे, तळघरात. भाषांतर करणाऱ्या फोनला त्यातलं अर्धंही झेपलं नाही.

बाटल्या उघडायच्या दिवशी आमच्याकडे पंखे पुन्हा तीनवर गेले होते. अप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. माझे यजमान म्हणाले, "मुलगी बघायला चालल्यासारखे दिसता." अप्पा हसले नाहीत, कॉलरचं बटण लावत राहिले.

भावाने फोन एका पुस्तकाला टेकवून उभा केला होता. खालचे आजीआजोबा, ऑफिसातली एक बाई आणि तिचा नवरा, सामानाच्या दुकानाचा मालक. टेबल त्या रिकाम्या खोलीतूनच आणलं असावं. भावाने पहिली बाटली उघडली, फुस्स आवाज झाला, त्याने ग्लास तिरपा धरून ओतली. पिवळी, जरा धुकट. दुकानदार ग्लास उजेडाकडे धरून काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले.

"काय म्हणाला?" अप्पांनी विचारलं.

"म्हणाला, पुढच्या वेळी आणखी थांबा."

"बरोबर आहे त्याचं."

आजोबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. मग ते फोनजवळ आले, त्यांचा चेहरा सगळ्या पडद्यावर मावेनासा झाला, आणि ते अप्पांशी पोलिश भाषेत बराच वेळ बोलले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्या मराठीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "तुम्ही त्याला खाली बोलावत जा. जेवायला नाही तरी बसायला." आजोबांनी मान डोलावली. भाऊ भाषांतर करायला पुढे आला नाही. तो त्यांच्यामागे उभा होता आणि खिडकीकडे बघत होता.

त्यानंतर त्याने आणखी एकदोनदा बिअर केली. अप्पांचा त्यातला रस तोवर संपला होता. आता ते आजोबांच्या गुडघ्याची चौकशी करतात, ऑफिसातल्या बाईला मुलगी झाली, ती कशी आहे ते विचारतात. भाऊ पुन्हा लग्न करेल की नाही, मला ठाऊक नाही, आणि अप्पा विचारतात तेव्हा तो उत्तर देतो, "अजून नाही कळत." ते उत्तर त्यांना चालतं. रविवारची बोलणी आता इतकी लांबतात की माझी पाळी येईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात.

मागच्या आषाढात तो आला होता. कावेरीचं पाणी नुकतंच सोडलेलं, कालवा दोन्ही काठ भरून वाहत होता. संध्याकाळी आम्ही तिघं काठाने चालायला गेलो. अप्पा आता हळू चालतात, त्यामुळे आम्हीही हळू. वाटेत ते एकदम थांबले आणि म्हणाले, "एक सांग. ते लागतं कसं?"

भावाला आधी समजलं नाही. मग समजलं. पलीकडच्या शेतात बायका रोपं लावून घरी निघाल्या होत्या.

"कडू," तो म्हणाला.

"कडूच? एवढे महिने थांबून?"

"थोडं भाकरीसारखंही लागतं. भाजताना वास येतो तसं."

अप्पांनी मान हलवली, पटलं की नाही ते कळलं नाही. मग ते त्याच्या दंडाला धरून पुढे चालू लागले, आणि पलीकडचं भात ह्या वर्षी वेळेवर लागलं ना, असं मला विचारू लागले.